आबांचं बिऱ्हाड आणि माझी कंबर

आमच्या आबांनी कुठं राहायचं, हे आम्ही भावंडांनी अर्ध्या तासात एकमतानं ठरवलं. (आबांना विचारलंच नव्हतं, म्हणून एकमत!)

ही पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, सत्तरी ओलांडलेले. आई गेल्यापासून रहिमतपूरजवळच्या मळ्यात एकटेच असायचे. एक दिवस कडब्याच्या गंजीवरून घसरले, घोटा मुरगळला आणि दोन तास तिथंच पडून राहिले. हे ऐकून मी तडक कोरेगावला, धाकट्या बहिणीकडं, ताराकडं गेलो.

"दादा, तूच न्हे त्यास्नी," तारा डोळे पुसत म्हणाली. "लेकीच्या घरचं ते पाणीसुदिक पिणार न्हाईत."

"मी सांगतो की त्यास्नी!" मी छाती काढली. सांगलीच्या शाळेत मी साठ पोरांना एका नजरेत गप्प करायचो. (आबांसमोर मात्र त्या साठातला शेवटच्या बाकावरचा मीच असायचो.)

मळ्यात आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुजी खोली माडीवर हाय न्हवं?"

"व्हय. पन हवा लय झकास!"

"बरं. आट दिस हवा बघतो. पटलं तर ऱ्हातो, न्हाई पटलं तर माघारी. कबूल?"

"कबूल!"

रेल्वेनं सांगलीला आलो. टांगा दारात थांबला आणि मला आमचा जिना दिसला. तो रोजच दिसायचा म्हणा, पण सुजलेल्या घोट्याच्या माणसाबरोबर पहिल्यांदाच दिसला! लाकडी, खडा आणि मध्ये एक काटकोनी वळण.

"मी बसत बसत उलटा चढतो," आबा म्हणाले.

"आबा, तुमी काय बी बोलू नका! खुर्चीत बसवून न्हेतो."

घरमालकांची हातांची खुर्ची मागून आणली. वरच्या अंगाला माझी बायको सुशीला आणि शेजारचे कंपाउंडर, खालच्या अंगाला एकटा मी. वळणापर्यंत ठीक गेलं. वळणात खुर्चीचा एक हात भिंतीला टेकला, दुसरा कठड्यात घुसला आणि खुर्ची जाम! तेवढ्यात खाली चौकात नळाला पाणी आलं. वरची बिऱ्हाडं हंडे-कळश्या घेऊन निघाली आणि आबांच्या डोक्यामागं खोळंबली.

"मास्तर, माझा कठडा!" खालून घरमालक ओरडले.

"पाणी जाईल ना हो!" वरून बायका ओरडल्या.

"आवं, तुमी ढकला की!" सुशीला ओरडली.

आबा तेवढे खुर्चीत ताठ बसून माझ्याकडं टक लावून बघत होते. ती नजर सहन होईना. मी खुर्चीखाली शिरलो, पाठ लावली आणि सगळा जीव एकवटून वर रेटली.

कट्!

"खुर्ची मोडली!" घरमालक किंचाळले.

"न्हाई," आबा शांतपणे म्हणाले, "पोरगं मोडलं."

ते खुर्चीतून घसरत पायरीवर बसले आणि बसत बसत, उलटे, दोन मिनिटांत वर! वरून त्यांचा आवाज आला, "सुशीला, च्या टाक." भार उतरल्यावर खुर्चीही सुटली. मग तिच्यात मला बसवलं. वरून आबा फौजी हुकूम सोडत होते, "डावीकडं घ्या! सावकाश! मास्तराचं डोस्कं सांभाळा!"

डॉक्टरांनी महिनाभर फळीवर पडून राहायला सांगितलं. हवा बघायचे आठ दिवस आबांनी माझी कंबर चोळण्यात घालवले. मी फळीवरून बघत होतो. ते तासन् तास खिडकीशी बसायचे. रस्त्यावरून एवढी माणसं जायची, पण त्यांना हाक मारणारं एकही नव्हतं.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "पटलं न्हाई, गड्या. मी चाललो. आन् तू बी चल. हितं तुला जिना उतराय यायचं न्हाई, मळ्यात समदं सपाट हाय."

"न्ह्या त्यास्नी!" सुशीला लगेच म्हणाली. (जरा जास्तच लगेच.)

त्याच खुर्चीतून मला खाली उतरवलं आणि मळ्यात माझी बाज लिंबाखाली पडली. सकाळपासून माणसांची रीघ! कुणी विडी ओढायला, कुणी पोराच्या भरतीचं विचारायला. तारा आल्यावर आबांनी आपला निकाल सांगितला, "मी हितंच ऱ्हानार. दुधाची मंजुळा रोज येती. चुलीचा धूर दिसला न्हाई, तर ती दार वाजवंल आन् तुमास्नी सांगावा धाडंल. झालं समाधान?"

झालं. आमच्या साऱ्या खलबतात एवढी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती.

तेवढ्यात मंजुळा दुधाची किटली घेऊन आली. बाजेवर कण्हत पडलेल्या मला बघून तिनं विचारलं, "आबा, ह्ये पाव्हनं कोन म्हनायचं?"

"माजा थोरला," आबा माझ्या अंगावर चादर ओढत म्हणाले. "सांगलीत एकला ऱ्हात हुता. झेपंना आता त्याला. म्हनलं, ऱ्हाऊ दे माज्यापाशी!"