शेवड्यांच्या बदलीचा अर्ज

चंडीगडच्या आमच्या मराठी मंडळात जेमतेम चाळीस कुटुंबं. कुणी केंद्र सरकारच्या ऑफिसात, कुणी बँकेत, कुणी फौजेत. सगळीच बदलीवर आलेली. दर वर्षी दहा जातात, दहा येतात. आणि नव्याने आलेल्या बाईला गॅसचं कनेक्शन मिळायच्या आधी आमच्या ह्यांचे दोन-तीन किस्से ऐकायला मिळालेले असतात! मग पहिल्या हळदीकुंकवाला ती माझा हात धरून म्हणते, "वहिनी, तुमच्या घरी काय धमाल असेल हो!"

धमाल! ये बाई, चार दिवस राहायलाच ये.

आमचे हे म्हणजे श्रीधर शेवडे. सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन. दिवसभर नकाशे काढायचे आणि मंडळाचा कार्यक्रम असला की स्टेजवर उभं राहून लोकांना हसवायचं. स्वतः मात्र हसायचं नाही. ओठ हलतील तेवढेच, बाकी चेहरा पोस्टाच्या खिडकीतल्या माणसासारखा. स्टेजवर ते ठीक आहे हो. पण बाजारात तोच चेहरा, साहेबापुढे तोच, आणि घरीही तोच! हा माणूस खरं बोलतोय की थट्टा करतोय, हे लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मला कळत नव्हतं.

आणि माझं मागणं एकच होतं. सांगलीला बदली. सासर सांगलीचं, सगळी माणसं तिकडे. इथे थंडीत हाडं गोठतात आणि पोटची मुलगी 'मम्मी, भूख लगी' म्हणते. सासष्टच्या हिवाळ्यात आलो तेव्हा हे म्हणाले होते, "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे." त्या तीन वर्षांची पंधरा झाली. दर वर्षी मी मागे लागायची, दर वर्षी हे अर्ज करायचे, आणि दर वर्षी कुठेतरी माशी शिंकायची.

माशी कसली! हेच शिंकायचे.

*

आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांच्याच ऑफिसात नागपूरचे जोगळेकर बदलून आले. बिचारे साधे गृहस्थ. त्यांनी ह्यांना विचारलं, "शेवडे, चांगले पोहे कुठे मिळतात हो इथे?"

हे म्हणाले, "तेरा सेक्टरला. मार्केटमधे शिरलं की डाव्या हाताला तिसरं दुकान. पातळ पोहेसुद्धा ठेवतो."

आता चंडीगडमधे तेरा नंबरचा सेक्टरच नाही! गाव आखणाऱ्यांनी तो आकडाच गाळलाय. बारानंतर थेट चौदा. जोगळेकरांना हे काय ठाऊक? ते सायकल काढून निघाले. बाराच्या हॉस्पिटलपासून चौदाच्या युनिव्हर्सिटीपर्यंत त्यांनी चार फेऱ्या मारल्या. ज्याला विचारावं तो हसायचा. संध्याकाळी घामाघूम होऊन आमच्या दारात आले.

"शेवडे, अहो, सगळं पालथं घातलं. सेक्टरच सापडला नाही."

ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "आज रविवार ना? बंद असतो."

जोगळेकर 'असं होय' म्हणून निघाले सुद्धा! मीच धावत जाऊन त्यांना थांबवलं आणि घरातले किलोभर पोहे बांधून दिले. माझ्या आईने साताऱ्याहून पाठवलेले पोहे ते!

*

ह्यांचं स्टेजवरचं नाव झालं ते एका गणेशोत्सवात. गाणाऱ्या बाईंचा घसा बसला आणि सेक्रेटरी रडकुंडीला आले. म्हणाले, "शेवडे, दहा मिनिटं काहीतरी करा हो." हे बगलेत एक सरकारी फाइल मारून स्टेजवर गेले. माइकपुढे उभे राहिले, चष्मा पुसला आणि ऑफिसातल्या आवाजात वाचायला लागले.

"विषय: दहा दिवसांची रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत. अर्जदार: श्री. गणपती. मुख्यालय: कैलास. प्रवासाचं साधन: उंदीर, खासगी मालकीचा."

हॉलमधे चिडीचूप! लोकांना वाटलं, कुठल्यातरी खात्याची नोटीस आली. दोन-चार जणांनी तर खिशातून पेन काढलं.

"गैरहजेरीत काम कोण पाहील: वडील भाऊ श्री. कार्तिकेय. परंतु ते स्वतः कायम दौऱ्यावर असतात. परतीचा मार्ग: घग्गर नदीतून."

तेव्हा कुठे मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा हॉल जो सुटला म्हणता! हे आपले पान उलटतायत, थुंकी लावून. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसत विचारलं, "मग, रजा मंजूर झाली का?"

"दीड दिवसाची झाली," हे म्हणाले. "बाकीची मेडिकल सर्टिफिकेट आणल्यावर."

घरी येताना सुषमाने ह्यांना विचारलं, "पापा, हँसना कब था?" मी म्हटलं, बाई, मलाही अजून कळलेलं नाही.

*

पुढे एकदा चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या एका मराठी मेजरसाहेबांनी आम्हाला घरी बोलावलं. त्यांच्याकडे एक ब्रिगेडियर जेवायला येणार होते. मेजरसाहेबांच्या बायकोने मला कानात सांगितलं, "ह्या ब्रिगेडियरांचे मेहुणे दिल्लीला तुमच्याच खात्यात वर बसलेत. शेवड्यांनी जरा हसवलं की सांगलीचं काम पक्कं समजा!"

मी ह्यांना वाटभर पढवलं. हो हो म्हणाले. जेवणाआधी ह्यांना उभं केलं. हे हात पाठीमागे बांधून उभे राहिले ते राहिलेच! एक मिनिट झालं, दोन झाली. ह्यांनी घड्याळ बघितलं, छताकडे बघितलं, परत समोर. शब्द नाही. शेवटी ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं, "भई, शुरू कब करेंगे?"

"सर, हो गया," हे म्हणाले. "जाने का ऑर्डर नहीं मिला, इसलिए खड़ा हूँ."

ब्रिगेडियरसाहेब हसून हसून लाल झाले. ह्यांना शेजारी बसवून घेतलं, पाठीवर थाप मारली. म्हणाले, "शेवडे जी, हमारे लायक कोई सेवा हो तो बताइए!"

एवढं साधून आलेलं! मी टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला. चांगला जोरात दाबला. ह्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जी, एक है. मेरी मिसेस मेरा पाँव दबा रही हैं. उनसे कहिए, चप्पल उतार लें."

परतीच्या बसमधे मी ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. ह्यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

*

सासूबाई दोन महिने राहायला आल्या होत्या. मी तोवर सायकल शिकले होते. इथले रस्ते रुंद, रहदारी कमी, तेव्हा भाजी आणायला आणि मंडळाच्या कामाला सायकलच बरी पडायची. सायकलवर साडी चेनमधे अडकते म्हणून सलवार-कमीज शिवून घेतलेली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय गं सोंग? सांगलीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मी मुकाट्याने सायकल आत ठेवली. संध्याकाळी हे आले, आईजवळ बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "आई, इथे सरकारी क्वार्टरमधल्या बायकांना सायकल सक्तीची आहे. रोज दोन मैल. नाही चालवली तर क्वार्टर काढून घेतात."

"आणि तो पोशाख?"

"तो युनिफॉर्म आहे."

सासूबाईंनी ते धरलं ना खरं! दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझा चहा व्हायच्या आत त्या दारात. "अगं, निघ बाई निघ, क्वार्टर जाईल!" शेजारच्या गिल भाभी सायकलवर दिसल्या नाहीत तर त्यांनाही हाका मारायच्या. बाहेर धुकं, बोटं सुन्न, आणि मी आपली दोन मैल पुरे करतेय! सांगलीला पत्रसुद्धा लिहिलं त्यांनी, की सून सरकारी काम फार नेटाने करते.

*

मग बदल्यांच्या मुलाखती घ्यायला दिल्लीहून एक अधिकारी आले. अर्ज पाचजणांचे, जागा दोन. सांगली आणि पुणे. आमच्यात सगळ्यांना माहीत असतं, अशा वेळी घरात कुणीतरी आजारी असावं लागतं. जोगळेकरांनी वडिलांचा दमा, आईचे गुडघे आणि सासऱ्यांचा मोतीबिंदू असं सगळं कागदांसकट नेलं होतं. पुढचा सगळा प्रकार त्यांनीच मला सांगितला, कारण ते दाराशीच बसले होते.

अधिकाऱ्यांनी ह्यांना विचारलं, "माताजी कैसी हैं?"

"जी, एकदम तंदुरुस्त."

"और पिताजी?"

"जी, उन्हें गुज़रे बीस साल हो गए. अब कोई तकलीफ़ नहीं."

"फिर आपको ट्रान्सफर क्यों चाहिए?"

"सर," हे म्हणाले, "मैं भी यही सोच रहा हूँ."

अधिकारी म्हणे पाच मिनिटं टेबलावर डोकं ठेवून हसत होते. जोगळेकर पुण्याला गेले. सांगलीला कुणी एक नायर गेले, ज्यांना सांगली नकाशात कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. ह्यांनी त्यांना नकाशा काढून दिला. सुबक, रंगीत, गणपतीच्या देवळासकट! मी मात्र दोन दिवस जेवले नाही.

*

मधे रेडिओवर बोलावणं आलं. मला वाटलं, चला, नाव झालं तर वरचे लोक तरी विचारतील. पण ह्यांचं सगळं कसब गप्प राहण्यात! एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने मशीन बंद पडलं समजून तीनदा थांबवलं.

कार्यक्रम लागला तेव्हा मी बाहेर अंगणात होते. शेजारच्या गिलसाहेबांच्या घरातून थाड थाड आवाज! ह्यांनी एक वाक्य टाकून श्वास घेतला की गिलसाहेब आपल्या रेडिओला थप्पड मारायचे. दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेटले तर ओशाळून म्हणाले, "शेवडे जी, प्रोग्राम बहुत बढ़िया था. पर हमारा सेट खराब निकला."

"जी," हे म्हणाले, "हमारा भी."

*

शेवटी गेल्या वर्षी मीच ठरवलं. ह्या माणसाच्या भरवशावर राहिले तर इथेच म्हातारी होईन. ह्यांच्या ऑफिसात मल्होत्रा म्हणून नवे साहेब आले होते, सज्जन वाटले. हे दौऱ्यावर हिसारला गेलेले बघून मी चांगली साडी नेसले आणि सरळ साहेबांच्या केबिनमधे गेले.

म्हटलं, "भाईसाहब, पंधरा साल हो गए. हर साल अर्ज़ी देते हैं. एक बार तो सुन लीजिए."

साहेबांनी चहा मागवला, ह्यांची फाइल मागवली. चष्मा लावून एक एक कागद उलटायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

"भाभीजी, ट्रान्सफर तो दो बार मंज़ूर हुई है. सांगली की ही. दोनों बार शेवडे जी ने खुद कैन्सल कराई."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. त्यांनी फाइल माझ्यापुढे फिरवली. ह्यांचंच अक्षर, नकाशावर नावं घालतात तसं एकेक अक्षर सुटं. इंग्रजीत लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. त्याचा अर्थ असा:

'सांगलीला माझ्या आईचं घर आहे. माझ्या पत्नीचं घर चंडीगडला आहे. ती हे कबूल करणार नाही, म्हणून तिला विचारू नये ही नम्र विनंती.'

खाली सही, तारीख आणि साहेबांचा शिक्का.

"सच कहूँ," मल्होत्रासाहेब म्हणाले, "शेवडे जी का चेहरा देखकर कुछ पता नहीं चलता. ये मज़ाक है ना, भाभीजी?"

चहा निवून गेला. मी उठले, नमस्कार केला आणि चालत घरी आले. सतरा सेक्टरचा चौक ओलांडला, बाजार ओलांडला, कुणी 'नमस्ते जी' म्हणालं, मीही म्हटलं. घरी येऊन ओट्याशी उभी राहिले आणि खूप रडले. इतका राग आला होता मला ह्यांचा! पंधरा वर्षं मी बडबड करत होते आणि हा माणूस ऐकून घेत होता.

दोन दिवसांनी हे हिसारहून आले. ऑफिसात कुणीतरी सांगितलं असणार. बूट काढता काढता ह्यांनी विचारलं, "साहेबांना भेटलीस म्हणे?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

मी भाजी निवडत होते. मान वर केली, ह्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "म्हणाले, यंदा जमायचं नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करा."

हे एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"खरंच असं म्हणाले?"

मी मेथीची पुढची जुडी सोडली.