उशीताईचा सोलारचा क्लास

घरगाड्यांच्या गॅरेजमध्ये तिला सगळे उशीताई म्हणत. आत पलंग, ओटा, छोटीशी मोरी असलेल्या त्या गाड्यांच्या गाद्या-उशा शिवण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. कामाला वाघ, बोलायला फटकळ, आणि आपल्या शिवणीला कुणी नाव ठेवलं तर विचारायलाच नको.

अलीकडे नेमकं तेच होत होतं. जो तो गाडीच्या टपावर सोलार पॅनेल बसवून घ्यायचा. बसवणारे टपाला भोकं पाडायचे, पट्ट्या आवळायचे आणि हात झटकून निघून जायचे. महिन्या-दोन महिन्यांत पाणी झिरपायला लागायचं, ते थेट उशीताईच्या गाद्यांवर. मग मालक तिलाच विचारायचे, कापडात काही खोट होती का?

एका निवृत्त बँकवाल्याची गाडी तिसऱ्यांदा कुजकी गादी घेऊन आली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं, हे पॅनेल बसवतात तरी कसे ते शिकायचंच. पाच दिवसांचा क्लास होता. फी म्हणजे तिची दोन महिन्यांची शिलाई.

घरात सगळ्यात आधी हसला तो तिचा दीर. तो वायरमन, तीस वर्षं घरांची वायरिंग केलेला आणि हल्ली जोडधंदा म्हणून घरगाड्यांचीही कामं घेणारा. दोन तारा, चार स्क्रू आणि वर फुकटचा सूर्य, यात पैसे मोजून शिकण्यासारखं आहे काय, असा त्याचा सवाल. "वहिनी, मीच शिकवतो की तुम्हाला. फी नको, दोन वेळचं जेवण घाला म्हणजे झालं," तो म्हणाला. दोन वेळा तो तसाही तिच्याकडेच जेवत होता. बायको आणि भाऊ यांच्या मध्ये न पडता नवऱ्याने निमूटपणे आपलं ताट उचललं.

पहिले दोन दिवस क्लासचे सर पडद्यावर चित्रं दाखवत होते. सूर्य, पृथ्वी, हिरवीगार झाडं. सूर्य कुठे असतो हे कळायला आपण एवढी फी भरली, या विचाराने उशीताईचा जीव तुटत होता. दिराचं हसणं तिच्या कानात वाजत होतं.

तिसऱ्या दिवशी सर्वांना गाडीच्या टपावर चढवलं. सरांनी पॅनेलच्या कोपऱ्यावर नुसती हाताची सावली धरली आणि मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. उशीताई सावरून बसली. गाडीच्या बॅटरीचा दाब घरातल्या विजेपेक्षा फार कमी, म्हणून तेवढ्याच कामाला तारेतून जवळजवळ वीसपट प्रवाह न्यावा लागतो. घरातली बारीक वायर इथे तापते. बॅटरीला खेटून फ्यूज हवाच. हे सगळं तिने वहीत उतरवलं. चौथ्या दिवशी भोकं बुजवायची पाळी आली. जन्मभर दाभण चालवलेला हात तो! तिने ओढलेली सीलंटची रेघ सरांनी बाकीच्यांना बोलावून दाखवली.

सर्टिफिकेट मिळालं आणि पुढचे चार महिने तिला एकही काम मिळालं नाही. लोक सर्टिफिकेटचं कौतुक करत आणि उशा शिवायला टाकत. आज किती पॅनेल झाले, असं दीर रोज जेवताना न चुकता विचारी.

मग बँकवाला चौथ्यांदा आला. गादी शिवते, पण आधी टपावर चढू द्या, अशी अटच तिने घातली. वर सहा भोकं होती आणि एकातही सीलंटचा थेंब नव्हता. खाली आलेली वायर घरगुती, बारीक, एका जागी वितळून पिवळी पडलेली. दीड दिवस राबून तिने सगळं नव्याने केलं. आधी हे कुणी बसवलं होतं, असं विचारल्यावर बँकवाला संकोचून म्हणाला, "तुमच्याच ओळखीने आले होते. तुमचे दीर."

वितळलेल्या वायरचा एक तुकडा तिने पिशवीत टाकला. घरी जेवताना तिने वायरचा तो तुकडा दिराच्या ताटाशेजारी ठेवला. "भाऊजी, ओळखता का हिला?"

त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि वायर चांगल्या कंपनीची आहे, असं सांगितलं. त्या दिवशी मात्र त्याने दुसऱ्यांदा भात मागितला नाही. सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, ती क्लासची वही द्या जरा. काय काय चुकीचं शिकवलंय ते बघतो."

चुका शोधायला त्याला आठ दिवस लागले.

आता महिन्याला दोन-तीन गाड्या तिच्याकडे येतात. बाकी वेळ गाद्या आहेतच. मध्यंतरी गॅरेजमधल्या रंगाऱ्याने विचारलं, क्लासला जाऊ का? तिने सांगितलं, "आधी विचार, पाचातले किती दिवस टपावर चढवतात. तीन म्हणाले तर जा. नुसता पडदाच असेल, तर त्या पैशात मीटर घे आणि माझ्या हाताखाली ये. आणि कामं लगेच येतील या भ्रमात राहू नकोस."

मोठं काम असलं की दीरही सोबत येतो. आतली बॅटरी आणि फ्यूज तो बघतो, टप ती. गिऱ्हाइकांना तो खुशाल सांगत असतो, की वहिनींना या लाइनला मीच लावलं. वर उशीताईला ते स्वच्छ ऐकू येतं, पण तेव्हा तिच्या दातांत चार स्क्रू धरलेले असतात.