ठोकळेबाई

ठोकळेबाई दहा-बारा वर्षं इंग्लंडात राहून आल्या होत्या, पण हळू बोलायची सवय काही तिकडून आणली नव्हती. राजारामपुरीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलं की आवाजावरूनच कळायचं, बाई घरी आहेत. लाल-पांढऱ्या लाकडी ठोकळ्यांनी त्या मुलांची बुद्धी तपासायच्या, म्हणून आम्हा आयांमध्ये त्यांचं हे नाव पडलं. दारावरच्या पाटीवर खरं नाव आणि दोन ओळींच्या पदव्या होत्या. त्या कुणी वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

आम्ही आजऱ्याचे. नव्वद सालानंतरचा काळ, मीना सहा वर्षांची. बोलणं जवळजवळ नाहीच, हाक मारली तरी वळून बघणं नाही, डब्याचं झाकण फिरवत बसली की तास तास तेच. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं. तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग तिच्यापुढे ठोकळे ठेवले. मीना मांडीवर हात ठेवून नुसती बसली. बुद्धीही फार कमी आहे, शाळेचा नाद सोडा, असं ते म्हणाले. परतताना मी अख्ख्या गाडीशी भांडले, कंडक्टरसकट. गावातल्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, एखाद्या जाणकारानं हो म्हटलं तरच जूनमध्ये नाव घालतो. कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. हे शेवटचंच दार होतं.

बाईंच्या घरी तपासणी सतरंजीवर व्हायची, आणि चहा झाल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. परदेशातून आणलेल्या चाचण्यांवर त्यांचा जीव होता आणि त्यांनाच त्या दिवसभर शिव्या घालायच्या. एका चित्रात बर्फावरून घसरणारी गाडी होती. "आजऱ्याच्या पोरीनं ही वळखायची म्हणं," त्या म्हणाल्या. "त्या सायबाच्या पोराला काजूचं बोंड दाखवा की एकदा." ते चित्र त्यांनी पालथं घातलं आणि ठोकळे मांडले.

पुन्हा तेच. मीनाचे हात मांडीवर. बाई उठल्या, आत जाऊन शेंगदाण्याचे लाडू आणले आणि ताटली मीनापुढे ठेवली. या लाडवांसाठी ही पोरगी झोपेतून उठेल, पण हात जागचे हलले नाहीत. तिनं नुसतं माझ्या पदराकडे बघितलं. मी सवयीनं "घे" म्हटलं आणि तिनं लाडू उचलला.

"वैनी, ह्ये काय हाय?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. चार वर्षांची असताना मीना दुकानातल्या बरण्यांत हात घालायची, हळदीकुंकवाला गेलं की दुसऱ्यांच्या ताटातलं उचलायची. बायका तोंडावर बोलायच्या. म्हणून जिवाचं रान करून मी तिला एकच गोष्ट शिकवली होती, परक्याच्या वस्तूला मी "घे" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. हे प्रत्येक घरात शिकवतात. बाकीची पोरं कोपऱ्यावर जाईपर्यंत विसरतात, आमची विसरली नव्हती.

बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा सतरंजीवर पडला. "परीक्षेत आईनं तोंड उघडायचं न्हाय, असा आमचा नियम. आईनं तोंड उघडल्याबिगर हात लावायचा न्हाय, असा तुमचा. पोरीनं ऐकायचं कुणाचं?" मग त्यांनी स्वतःचा नियम मोडला आणि मला बोलायला लावलं. मी "घे" म्हटलं. मीना ठोकळ्यांवर तुटून पडली. कार्डावरची, ठोकळ्यांनी जुळवायची शेवटची नक्षी मला आजही जमत नाही, ती तिनं बघता बघता लावली. शब्दांच्या प्रश्नांत मात्र ती साफ आपटली, आणि तेही बाईंनी साखर न लावता सांगितलं. खोटा धीर द्यायची त्यांना चीडच होती.

त्या दिवशी चहाच्या दुसऱ्या कपावर त्या पुष्कळ बोलल्या. अशी मुलं त्यांनी तिकडेही पाहिली होती. तिथं घरी-दारी लहानपणापासून एकट्यानं करायला लावतात, तिथलं पोर समोर वस्तू दिसली की हात घालतं, असं त्यांचं म्हणणं. "दुखणं तेच असंल वैनी, पर पोरगं कुणाच्या घरात वाढतंय ते बघाया नको व्हय?" हे वाक्य मी पुढे कितीतरी आयांना ऐकवलं, माझंच असल्यासारखं.

मग त्या स्वतः एसटीनं आजऱ्याला आल्या. हेडमास्तरांना त्यांनी दोन्ही निकाल सांगितले, शहरातला आणि सतरंजीवरचा. यातला खरा कुठला, असं हेडमास्तरांनी विचारलं. "दोन्ही खरं," बाई म्हणाल्या. "एक परक्याच्या घरातला, एक आईच्या घरातला. तुमची शाळा कुठलं घर व्हणार, ते तुमी ठरवा." हेडमास्तरांनी बराच वेळ पान चघळलं आणि मी वर्गात तिच्या शेजारी बसायचं या अटीवर मीनाचं नाव घातलं. ती सातवीपर्यंत शिकली. गणितात पुढे, मराठीत सदैव काठावर. आता घरीच काजूगर निवडते, आणि तिनं निवडलेल्या ढिगात व्यापाऱ्याला तुकडा सापडत नाही.

बाई थकल्या तेव्हा त्यांच्या तिकडेच राहिलेल्या मुलीनं त्यांना परत इंग्लंडला न्यायचं ठरवलं. निरोप घ्यायला गेलो तर स्टँडपर्यंत सोडायला आल्या. मीना खिडकीशी जाऊन बसली. इतकी वर्षं ओठांवर आलेलं मी शेवटी विचारलंच, बाई, आमच्यामागं हिचं कसं व्हायचं? प्रत्येक गोष्टीला बाईंकडे तयार उत्तर असायचं. या वेळी म्हणाल्या, "मला न्हाय ठावं, वैनी." मला रडू फुटलं, पण बरंही वाटलं. देवाच्या हवाली करणारे खूप भेटले होते, इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

मी गाडीत चढले. आजवर आम्हाला निरोप देणारा प्रत्येकजण माझ्याकडे बघून हळहळायचा. गाडी हलली तेव्हा बाई खिडकीखाली उभ्या होत्या, आणि बघत होत्या फक्त मीनाकडे.