श्रद्धांजलीचा फ्लेक्स

चाकूरच्या स्टँडसमोर श्रीशैलअप्पांचं फ्लेक्सचं दुकान आहे. माणूस मुळातच अस्वस्थ. खुर्चीत बसले तरी पाय हलत राहणार, चहा घेतला तर अर्धा ठेवून उठणार. तालुक्यात कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची पुण्यतिथी, सगळं आधी त्यांच्या मशीनमधून बाहेर पडायचं. फ्लेक्स छापला की लगेच फेसबुकवर चढवायचा, हीच त्यांची जाहिरात. फौजेतल्या पोरांचे फ्लेक्स तर ते जीव ओतून करायचे. वर्दीतला फोटो, नाव, गाव, पलटण, नेमणुकीचं ठिकाण. काही म्हणजे काही सोडायचे नाहीत.

सीमेवर गोळीबार सुरू झाला त्या आठवड्यात, एका सकाळी आनंदराज धापा टाकत आला. पंचायत समितीला उभा राहायच्या तयारीतला गडी; फ्लेक्सवर हात जोडून झळकायची त्याला भारी हौस.

"अप्पा, कळलं का? वाडीचा अमरनाथ गेला! श्रद्धांजलीचा फ्लेक्स काढा, मोठ्ठा. खाली माझा फोटो. दुसऱ्या गटाच्या आधी लागला पायजे."

त्याच्या मोबाईलवर शहीद जवानांची फोटोंसकट यादी होती. 'सरकार लपवतंय, तुम्ही पसरवा' असं वर लिहिलेलं. अमरनाथची बायको पुनम कालच स्टँडवर भेटली होती. चार दिवस झाले, त्यांचा फोन लागत नाही, म्हणत होती.

अप्पांनी अमरनाथचा फोटो मोठा केला आणि थबकले. फोटो त्यांच्याच जुन्या फ्लेक्सवरचा होता. मागचा झेंडा त्यांनीच जोडलेला. खाली पलटणीचा आकडा होता, तोही त्यांचाच, आणि चुकीचा. दोन वर्षांपूर्वी तो फ्लेक्स बघून अमरनाथ पोट धरून हसला होता आणि राहू द्या म्हणाला होता. फौज आपल्याच माणसाची पलटण चुकवेल होय? कुणीतरी कुठेतरी दूर बसून अप्पांचं फेसबुक उघडलं होतं आणि त्यातून एक मेलेला जवान तयार केला होता.

"हे खोटं हाय. मी छापणार न्हाई."

"ऱ्हाऊ द्या मग. लातूरहून आणतो," म्हणून आनंदराज तणतणत गेला.

अप्पांनी शटर ओढलं आणि गाडीला किक मारली. वाटभर एकच धास्ती होती: मेसेज आपल्या आधी पोचला असेल.

पोचलाच होता. अमरनाथच्या अंगणात बाया जमल्या होत्या. पुनम भिंतीला टेकून बसलेली, आणि शेजारच्या महानंदाकाकूंनी तिचा हात धरला होता. बांगड्यांचं काय करायचं, यावर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं.

"थांबा!" अप्पा ओरडलेच. "ही यादी खोटी हाय. त्यातला आकडा चुकीचा हाय, आन ती चूक माझी हाय. माझ्या फ्लेक्सवरनं उचललंय हे सगळं."

"मग खरा आकडा कोणता?" मागून कुणीतरी विचारलं.

अप्पा तोंड उघडणार होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते मिटलं; खरा आकडा सांगितला, तर उद्या तोही मोबाईलवर फिरला असता.

पुनमने वर पाहिलं. "अप्पा, मग ते हायेत का?"

खोटा धीर द्यायचा मोह फार झाला. "ते मला ठाऊक न्हाई, पोरी. ही बातमी खोटी हाय, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो."

पुनमने महानंदाकाकूंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "फौजेचा माणूस दारात येऊन सांगंल तवा बघू," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

संध्याकाळी लातूरचा फ्लेक्स वाडीच्या तोंडाशी लागला. अप्पांनी खांबावर चढून तो कापला, तेव्हा आनंदराजच्या पोरांनी त्यांना देशद्रोही म्हटलं. अप्पांनी फ्लेक्सची गुंडाळी केली आणि गाडीवर टाकून घरी नेली.

तिसऱ्या दिवशी अमरनाथचा फोन आला. पुनम पेढे घेऊन दुकानात आली, तेव्हा अप्पा फेसबुकवरून एकेक फ्लेक्स काढत बसले होते. तालुक्यातली एक्केचाळीस पोरं, वर्दीत, नावगावासकट. तिचा हसरा चेहरा बघता बघता उतरला.

"अप्पा, यातल्या किती जणांचं नावगाव आधीच सीमेपल्याड गेलं असंल हो?"

अप्पांनी पेढा बाजूला ठेवला आणि पुढचा फ्लेक्स काढून टाकला.