वय : वजा पाच महिने

जयपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला क्लार्क सुखदेव भांबळ फार सरळ माणूस होता. सरळ माणसाच्या हाती सरकारी फॉर्म दिला की काय होतं, ते रेल्वे कॉलनीने एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत पाहिलं.

सुखदेव मूळचा राहुरीकडचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. ते पोरांना शिकवायचे की माणूस देवाच्या प्रतिमेचा असतो, त्याचं मोल तो काय काम करतो त्यावर ठरत नाही. आणि जन्म म्हणजे नुसतं दाराबाहेर पडणं, माणूस आत आधीपासून असतोच. बाकीची पोरं हे ऐकून खेळायला पळाली. सुखदेवने मनावर घेतलं.

जनगणनेत कॉलनीतली सव्वाशे घरं त्याच्या वाट्याला आली. घरात राहणारा एकही माणूस सुटता कामा नये, असं वरून बजावलं होतं. सुखदेवने ते वहीत लिहून खाली लाल रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी तो रंगनाथ फिटरकडे गेला. रंगनाथचे वडील आप्पासाहेब सात महिने खाटेवर होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून डोळे उघडले नव्हते.

"बाबांना लिहू नका," रंगनाथ म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही."

"श्वास चालू आहे ना?"

"चालू आहे. पण मतलब, ते काहीच करत नाहीत."

फॉर्मवर प्रश्न होताच : वर्षभरात काही काम केलं का? सुखदेव खाटेजवळ स्टूल ओढून बसला. अर्धा तास म्हाताऱ्याची छाती वर-खाली होताना पाहिली आणि लिहिलं, 'श्वास घेतात. पूर्ण वेळ.' पुढचा प्रश्न त्याने कानाशी वाकून विचारला, "आप्पासाहेब, दुसरं काम शोधताय का?" उत्तर आलं नाही. 'नाही' लिहून तो उठला. हसावं की रडावं ते रंगनाथला कळेना. त्याने वडिलांच्या अंगावरचं पांघरूण तेवढं सारखं केलं.

शेजारी गार्ड दशरथ वानखेडेचं घर. दशरथ ड्युटीवर होता. त्याची आई आक्काबाई दारातच म्हणाली, "पाच माणसं. आम्ही तिघं, दोन नाती."

"सहा," सुखदेव म्हणाला.

"सहावं कोण?"

"सूनबाईंच्या पोटातलं."

सून विजयमाला आत कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले. तिला चौथा महिना होता. सुखदेवची बायको तारामती हिने घरी सगळं सांगितलं होतं : शहरातल्या सी-स्कीम भागातला एक डॉक्टर पोटातलं पाणी तपासून मुलगा की मुलगी ते सांगतो, मुलगी निघाली तर तिथेच मोकळं करतो, आणि आक्काबाईने मंगळवारचा नंबर लावलाय.

"ते कुठं आलंय अजून?" आक्काबाई म्हणाली.

"आक्का, पार्सल बुक झालं, पावती फाटली, गाडीत चढलं. पोचायला वेळ आहे म्हणून पार्सलच नाही, असं म्हणून आमच्याकडे चालत नाही."

आक्काबाई गार्डाची आई. तिला हे खोडून काढता येईना. सुखदेवने लिहिलं. नाव : ठरायचंय. वय : वजा पाच महिने. स्त्री की पुरुष : देवास ठाऊक.

"पुरुष लिहा," आक्काबाई पुढे वाकली. "सरकारी कागदावर एकदा चढलं की बदलत नाही."

सुखदेव लिहीना. मग ती हळूच म्हणाली, "आणि मधेच कमी झालं तर?"

"मार्चात मी पुन्हा येणार आहे. तेव्हा विचारीन, कुठं गेलं."

मंगळवारी आक्काबाईचा गुडघा अचानक दुखायला लागला. सी-स्कीमची फेरी पुढे गेली.

पण आठवड्याने सुपरवायझर माथुरजींनी सुखदेवचे कागद उघडले आणि त्यांचा चहा तसाच राहिला. कॉलनीत अकरा माणसं अजून जन्मायची होती.

"भांबळजी, गिनती सिर की होती है!"

"सिर तो सबसे पहले बनता है, साहब."

माथुरजींनी त्याला समोर बसवून अकराही नावं खोडायला लावली. आप्पासाहेब राहिले, त्यांचा श्वास मात्र कामाच्या रकान्यातून गेला. प्रत्येक रेघेला सुखदेवला वाटत होतं, आपण कुणाच्या तरी अंगावरून पेन ओढतोय.

"आक्काबाईला सांगू नका," तारामती म्हणाली. "तिची भीती तो जीव राखतेय."

दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. खोट्यावर टेकवलेला जीव किती दिवस उभा राहणार? तिसऱ्या दिवशी तो गेला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "आक्का, सहावं नाव खोडलं. साहेब म्हणाले, तिथं कुणीच नाही."

आत बसलेल्या विजयमालाने दोन्ही पोरींना जवळ ओढलं. आक्काबाई उठली.

"कुणीच नाही? माझ्या घरात कोण आहे नि कोण नाही, हे सांगणारा तो कोण टिकोजीराव?"

"पण आक्का, तुम्हीच तर नंबर..."

"माझं मी बघीन! त्याने का खोडावं?"

तिने सुनेला उठवलं, सुखदेवला पुढे घातलं आणि रिक्षाने थेट माथुरजींचं ऑफिस गाठलं. तिथे तिने मराठीत असा तोंडाचा पट्टा सोडला की माथुरजींना वाटलं, पेन्शन अडली असावी. सुखदेवने खरा प्रकार सांगितला.

"माताजी, लड़का है क्या?" माथुरजींनी चाचरत विचारलं.

"काय असेल ते असेल! माझं आहे!"

टाइपरायटर थांबले. आपण काय बोललो, ते आक्काबाईलाही तेव्हाच ऐकू आलं. ती खुर्चीत बसली, पदराने तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. माथुरजींनी स्वतः आणून दिलं. नाव लिहिता येणार नाही, म्हणाले, पण जुलैत जन्माची नोंद करायला मी बरोबर येतो. परतताना तिने राजा पार्कच्या बाजारात रिक्षा थांबवून सुनेला कांजीवडे खाऊ घातले. डॉक्टरच्या नंबराची चिठ्ठी पुन्हा कुणी पाहिली नाही.

मार्चात सुखदेव फेरतपासणीला निघाला. एक मार्चच्या सूर्योदयाला जो जिवंत, तो मोजणीत, असा नियम होता. आप्पासाहेब एक तारखेलाच सकाळी नऊला गेले होते.

मुंडण केलेल्या रंगनाथने दारातच विचारलं, "राहू द्याल ना त्यांना?"

"राहतील," सुखदेव म्हणाला.

जुलैत विजयमालाला मुलगी झाली. आक्काबाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "आणा इकडे." बराच वेळ पाहून तिने निकाल दिला, "नाक माझ्यावर गेलंय. आता काय इलाज."

संध्याकाळी सुखदेव आणि तारामती बघायला आले. आक्काबाईने पोरगी मांडीवरून खाली ठेवलीच नाही. सुखदेवला ती लांबूनच पाहायला मिळाली.