तीन पानं बोलून मरणाऱ्या बायका

मंगळवारी सकाळी सव्वासातला शशीकाकू गेल्या. मी त्यांच्यापाशी खोलीत होते. त्यांना सांगायचं राहिलं होतं ते मी रविवारी सांगितलं होतं.

मँचेस्टरमध्ये पाच वर्षं मी त्यांच्या घरी, वरच्या खोलीत राहिले. काकू मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलात वृद्धांच्या वॉर्डात आयुष्यभर डॉक्टर होत्या. माझ्या पीएच.डी.चा विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कादंबऱ्यांतल्या बायका आणि त्यांचं रडणं. तो ऐकून काकू म्हणाल्या, "त्याला स्कॉलरशिप मिळते? आमच्याकडे बायका फुकट रडायच्या."

मग त्या माझी पुस्तकं वाचायला लागल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात पेन्सिल, वॉर्डात राउंडला निघाल्यासारख्या. नायिका अंथरुणाला खिळली की समासात प्रश्न यायचा: 'ताप किती? खिडकी कोणी लावली?' एका कादंबरीत मरणाच्या दारातली मुलगी तीन पानं बोलते, भावाची दारू सोडवते, बापाला देवाकडे वळवते आणि मग डोळे मिटते. तिथे काकूंनी लिहिलं होतं: 'फुफ्फुसं उत्तम. डिस्चार्ज द्या.'

"अगं, मरणारं माणूस भाषण करत नाही," त्या म्हणायच्या. "पाणी मागतं. नाहीतर चपला कुठेत म्हणून विचारतं."

"पण काकू, एरवी यांना घरात बोलू कोण देत होतं? शेवटच्या अंथरुणापाशीच बाप, नवरा गप्प बसून ऐकायचे."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे कुणी ऐकून घ्यायला मरावं लागायचं."

त्या दिवसापासून जेवताना त्या मला काहीतरी विचारायच्या. मी सवयीने "तसं काही नाही" म्हटलं की भाताचा डाव हातात धरून थांबायच्या. "मी ऐकतेय. भात गार होतोय." बोलल्याशिवाय वाढायच्या नाहीत. तरी एक गोष्ट मला कधी बोलता आली नाही.

या वसंतात त्यांचं दुखणं वाढलं आणि पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला. रविवारी मी वही घेऊन शेजारी बसले.

"वही कशाला?"

"तुम्हाला काही सांगायचं असेल तर."

"तीन पानं?" त्या हसल्या, मग खोकल्या. "माझं रोज सांगून झालंय. तू बोल. तुझं एक पानही झालं नाही अजून."

मी वही मिटली. आई गेल्यापासून कुठल्याही दाराचं कुलूप उघडताना 'मी आले' म्हणावंसं वाटलं नव्हतं, ते या दारात पहिल्या आठवड्यापासून वाटत होतं, आणि मी एकदाही म्हटलं नव्हतं. एवढंच सांगायला मला बराच वेळ लागला. मध्ये मी रडलेही.

"ऐकू यायचं मला," काकू म्हणाल्या. "बूट काढायचीस त्यावरून कळायचं." मग मिटलेल्या वहीकडे बघून, "थोडं लांबवलंस. पण बरं बोललीस."

आणि त्यांनी पाणी मागितलं.

पुस्तकं आता माझ्याकडे आहेत, आणि त्यांची पेन्सिलही.