तेवीस पुस्तकांचा गेटपास

"वेल डन, मॅडम."

सकाळी आठला लायब्ररीच्या काचेच्या दारातून मी आत आले की दारावरची गार्ड हे म्हणायची. पर्स अजून खांद्यावर, डबा हातात, कामाचा पत्ता नाही, आणि ही बाई शाब्बासकी देतेय. मला वाटायचं, टोमणा मारते. मी पुण्याची. सकाळी सकाळी कुणी कौतुक केलं की आम्ही आधी त्यात खोट शोधतो. शेवटी एकदा विचारलंच, तर म्हणाली, "आमच्या युगांडात माणूस कामाला निघालेला दिसला की असंच म्हणतात. तुमचं नमस्ते असतं ना, तसं."

तुम्ही दुबईत राहत असाल तर असे गार्ड रोज बघता, म्हणजे बघत नाही. राखाडी युनिफॉर्म, बारा तासांची ड्यूटी, संध्याकाळी कंपनीची बस. ती आमच्या लायब्ररीची नव्हती, एजन्सीची होती. आमचं बोलणं इंग्रजी-हिंदीच्या खिचडीत चालायचं. तिचं हिंदी बसमध्ये शिकलेलं, त्यामुळे "जल्दी जल्दी" आणि "खाना खाया?" एवढं पक्कं, बाकी सगळं अंदाजपंचे. इथे मी तिला मराठीत बोलायला लावतेय.

गार्डनं बसायचं नाही असा नियम होता. म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत उभ्यानंच वाचायची. पुस्तक हातात आलं की आधी पालथं करायची आणि मागचा फोटो बघायची. "कोण बोलतंय ते आधी कळलं पाहिजे ना, मॅडम," म्हणायची. तिनं रीतसर लायब्ररीचं कार्ड काढलं होतं आणि ते गळ्यातल्या पाऊचमध्ये, एजन्सीच्या पासाच्या पुढे ठेवलं होतं. सुपरवायझर आला की मागे सरकवायची.

एका फेब्रुवारीत वरून निरोप आला, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना आहे, दारासमोर त्यांच्या पुस्तकांचं एक टेबल लावा. मी कामाला पक्की. अर्ध्या तासात कॅटलॉगमध्ये 'आफ्रिका' टाकून आली ती पुस्तकं काढली, नीट मांडली. कव्हरांवर सिंह, सूर्यास्त, जीपमधले साहेब. ती जवळ आली. एकेक पुस्तक पालथं केलं, फोटो बघितले आणि गठ्ठाच्या गठ्ठा हळूच बाजूला सरकवला.

"ही आमच्याबद्दल आहेत, मॅडम. आमची नाहीत."

मला राग आला, खरं सांगते. सोळा वर्षं लायब्ररीत काढलेल्या बाईला दारावरची गार्ड शिकवणार? पण टेबलावर तीनच पुस्तकं उरली होती. तिनं जेवणाची सुट्टी त्यात घालवली. एक पुस्तक गणितातून आणलं, दोन स्वयंपाकातून, काही कवितेतून, मुलांच्या कप्प्यातून चार. कुठलं कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. सगळी मिळून तेवीस झाली. टेबलावर हात फिरवून म्हणाली, "एवढे जण आहेत इथे. कुणी ओळखच करून देत नाही, म्हणून गप्प असतात."

त्या आठवड्यात एका शाळेची मुलं आली. टीचरनं तिलाच काहीतरी सांगायला उभं केलं. ती सावधान अवस्थेत उभी राहून बोलली. तिच्या गावच्या शाळेत वर्गाला गोष्टींचं एकच पुस्तक होतं. मास्तरांनी ते उसवून पानं वाटली. हिच्या वाट्याला मधली चार पानं आली, तीच तिनं वर्षभर वाचली. गोष्टीच्या आधी काय झालं आणि शेवटी काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही. "म्हणून मला अख्खं पुस्तक लागतं," म्हणाली. मुलांना वाटलं गंमत आहे. मुलं हसली, तीही हसली.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दर उन्हाळ्यात मी निर्लेखनाची यादी काढते. जे पुस्तक तीन वर्षांत कुणी घरी नेलं नाही, ते यादीत येतं, खोक्यात जातं, खलास. त्या तेवीस पुस्तकांतली बरीचशी काठावर होती हे मला माहीत होतं. पण पुढचे तीन उन्हाळे त्यातलं एकही यादीत आलं नाही. मी साहेबांना अभिमानानं सांगितलं, टेबलाचा उपयोग झाला.

मग एक दिवस सहज स्क्रीनवर बघितलं. तेवीसच्या तेवीस पुस्तकं एकाच कार्डावर जात होती. एका वेळी चार, कारण चारच मिळतात. ती परत आली की पुढची चार. वर्षभर पाळीपाळीनं.

मी दाराशी गेले. "एवढं सगळं वाचतेस?"

"नाही हो. गणिताचं मला एक अक्षर कळत नाही," ती म्हणाली. "पण त्यालाही बाहेरची हवा नको का? बसमधून रूमवर नेते, उशाशी ठेवते, परत आणते."

मी हसले. तिथेच सोडून द्यायला हवं होतं.

गेल्या वर्षी नवीन सॉफ्टवेअर आलं. सूचना होती की स्टाफनं नेलेली पुस्तकं वाचकांच्या हिशेबात धरू नयेत. साफसफाईवाले आणि गार्ड हे स्टाफ धरायचे की वाचक, हे कुणीच लिहिलं नव्हतं. तिच्या नावापुढे 'स्टाफ' असा एक चौकोन होता. मी त्यात टिक केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. मला नियमाचं भारी वेड, आकडा खोटा नको एवढंच डोक्यात होतं. टिक केली आणि तेवीस पुस्तकं धडाधड यादीत आली. मी ती ओळखली. सहीसुद्धा केली. म्हटलं, खोकी भरायच्या आत बाजूला काढू. दुसऱ्या दिवशीचं पुण्याचं तिकीट होतं, मुलीची बॅग भरायची होती, आणि मी विसरले. दुसरं कारण नाही.

महिन्यानं परत आले तेव्हा ती दारात होती. नेहमीसारखी हसली, वेल डन म्हणाली, घरचे कसे आहेत विचारलं. मग मला आठवलं. मी विचारलं, "खोकी गेली?"

"गेली, मॅडम."

आमच्या इमारतीतून काहीही बाहेर जायचं तर गेटपास लागतो, आणि त्याबरोबरची यादी गार्डनं वस्तूंशी ताडून बघायची असते. दारापाशी ठेवलेल्या फाइलमध्ये तो कागद होता. वर माझी सही, खाली तिची. प्रत्येक नावापुढे तिच्या हातची छोटी बरोबरची खूण. त्या तेवीस नावांपुढेही होती.

"थांबवायचं ना," मी म्हणाले. "मला फोन करायचा."

"तुमची सही होती." ती माझी समजूत काढत असल्यासारखं बोलत होती. "पेपर बरोबर होता. मी दोनदा मोजली, मॅडम."

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "नो प्रॉब्लेम." ती रागावली असती तर बरं झालं असतं. पुढेही ती तशीच वागली, फक्त दुपारी पुस्तक घेऊन उभी राहायची नाही. नुसतीच उभी असायची.

नोव्हेंबरात एका सोमवारी दारात दुसराच माणूस होता. म्हणाला, तिला एजन्सीनं पार अबूधाबीच्या पलीकडे, रुवैसला पाठवलं, कुठल्याशा कारखान्याच्या गेटवर. माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. चार वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. वाईट वाटायला हवं होतं. मी डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला.

या फेब्रुवारीत पुन्हा वरून निरोप आला. नवीन पुस्तकांना मंजुरी मिळायला वेळ लागणार होता. म्हणून मी त्या तेवीस पुस्तकांच्या कव्हरांचे मोठे रंगीत प्रिंट काढले आणि पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलावर उभे केले. साहेब खूश झाले, फोटो काढून वर पाठवले.

रविवारी एक केनियन बाई आली. अल बर्शाला एका घरी मुलं सांभाळते, आठवड्याची सुट्टी होती. तिनं सगळं टेबल सावकाश बघितलं आणि एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे मिळेल?"

"हे नुसते फोटो आहेत," मी म्हणाले.

"मग पुस्तक कुठे आहे?"

मी वळून कॉम्प्युटरवर नाव टाकलं, शोधल्यासारखं केलं. म्हणाले, "आमच्याकडे नाही."

ती म्हणाली, "ओके," माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि लेखिकेचं नाव तळहातावर एकेक अक्षर जुळवत लिहून घेतलं. तिचं लिहून होईपर्यंत मी समोर उभी होते. ते पुस्तक इथे होतं, एवढंसुद्धा मी तिला सांगितलं नाही.